सगळ्यात हळू चालणारा समोर

तायडेबाईंना चालताना मी कितीतरी वर्षं पाहिलंच नव्हतं. त्यांच्यासोबत चाललो मात्र भरपूर. छत्री तलावाच्या टेकड्यांवर, नरनाळ्यावर आणि दर हिवाळ्यात चिखलदऱ्याजवळच्या दरीच्या वाटेवर. पण रांगेत मी सगळ्यांच्या पुढे असायचो आणि बाई सगळ्यांच्या मागे. यात माझं काही कर्तृत्व होतं असा कुणाचा समज होऊ नये. मी पुढे असायचो कारण पंचवीस-तीस जणांत माझ्याइतकं हळू कुणीच चालत नसे, आणि बाईंचा नियम होता, सगळ्यात हळू चालणारा समोर. आमच्या वऱ्हाडात 'पुढे' असं कुणी म्हणत नाही, 'समोर' म्हणतात.

बाई आता नाहीत. आमची रविवारची चालणारी मंडळी आजही निघते, आणि नियम अजून तोच आहे. तो कसा टिकला ते सांगितल्याशिवाय बाई कशा होत्या ते सांगता येणार नाही.

मी अकोल्याचा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि खाण्यावर माझं मनापासून प्रेम आहे. डॉक्टरांनी घाबरवलं म्हणून अमरावतीच्या मेव्हण्यानं एका रविवारी मला या मंडळीत आणून सोडलं. तिथे एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यातून कमरेवर तिरपी आलेली जाड कापडाची पिशवी. दोन पायांत अंतर ठेवून ती अशी उभी होती की समोरून कुणी धक्का दिला असता तरी हलली नसती. मेव्हण्यानं सांगितलं, "या तायडेबाई. लाल बसवर कंडक्टर होत्या, आता रिटायर झाल्यात." बाईंनी मला बुटांपासून टकलापर्यंत नीट पाहिलं.

"काय करता?"

"प्राध्यापक आहे. गावंडे."

"गावंडे सर, तुमी समोर."

मला वाटलं, प्राध्यापक म्हणून मान दिला. पहिला चढ संपेपर्यंत मी त्याच गैरसमजात खूश होतो. मग मागे वळून पाहिलं तर अख्खी रांग माझ्या पाठीशी खोळंबून उभी, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर तक्रार नाही. वर पोचल्यावर मी बाईंना म्हणालो की मला शेवटी ठेवा, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो. त्या शेंगदाणे आणि गूळ वाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जोरात चालनारे समोर जातेत, झाडाखाली बसतेत, दम खातेत. तुमी धापा टाकत पोचले का ते उठतेत अन् म्हनतेत, चला. म्हंजे जो दमला त्यालेच आराम नाई. हा कुठचा न्याय हाय, सर?"

हे मी आयुष्यभर भोगलं होतं आणि तो माझाच दोष आहे असं धरून चाललो होतो. बाईंनी तो दोष एका वाक्यात माझ्यावरून काढून टाकला. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

हा नियम त्यांनी काही पुस्तकात वाचलेला नव्हता. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटात एकदा त्यांची बस बंद पडली. दिवस कलायला आला होता. दुसरी गाडी येण्याची खात्री नव्हती, तेव्हा चढ संपेपर्यंत चालत जायचं ठरलं. तरणेताठे लोक भराभर निघाले आणि वळणाआड दिसेनासे झाले. मागे राहिली एक म्हातारी, तिच्या कडेवर नातू, आणि तायडेबाई. म्हातारी म्हणाली, मी बसते इथंच, तुमी जा. बाईंनी शिट्टी काढली आणि वाजवत सुटल्या, वळणापलीकडचे सगळे परत येईपर्यंत. त्यात एक बडे साहेब होते. ते भडकले, म्हणाले, या म्हातारीसाठी आम्ही अंधारात मरायचं का? बाई म्हणाल्या, "तिकीट मी सगळ्यायचं सारखंच फाडलं. तुमचं काई येगळं होतं का?" मग म्हातारीला सगळ्यांच्या पुढे घातलं, नातू साहेबांच्या कडेवर दिला, आणि स्वतः शेवटी राहिल्या. हे सांगताना त्या हसायच्या ते नातवाच्या आठवणीनं. साहेबांच्या टेरिकॉटच्या शर्टाचं त्यानं काय केलं ते मी लिहीत नाही.

नोकरी सुटली तरी कंडक्टर त्यांच्यातून उतरली नव्हती. आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो की सगळे बसेपर्यंत त्या उभ्याच राहायच्या. मग गाडीच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायच्या, आणि त्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवलेली त्यांना खपत नसे. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला, हे आमच्यात नव्या आलेल्या माणसालाही पहिल्या दिवशीच पाठ होई. रांग कुठे तुंबली की मागून त्यांचा आवाज यायचा, "सरका समोर, समोर जागा हाय." भरल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसताना प्रत्येक कंडक्टर हे म्हणतो आणि प्रत्येक प्रवासी सरकतो. माझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या रांगेतही त्यांनी हेच म्हटलं आणि वऱ्हाडी मंडळी निमूट सरकली.

त्यांचा हट्ट जुना होता. वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. मुलीला शिकवलं आणि सांगितलं, मान खाली घालून काम करायचं नाही. बाई नव्या नव्या नोकरीला लागल्या तेव्हा एका खेड्याच्या थांब्यावर एक इसम चढला. त्यानं आधी आडनाव विचारून घेतलं आणि मग म्हणाला, तिकीट सीटवर ठेवा, मी उचलतो. बाईंनी तिकीट हातातच धरलं. म्हणाल्या, "सीटवर ठेवलं तर परवास सीटच करीन, तुमी नाई. तुमी उतरा." आणि दोरी ओढून एक घंटी मारली, गाडी थांबवली. त्या माणसानं हात पुढे केला आणि तिकीट घेतलं.

"राग नाही आला तुम्हाला?" मी विचारलं होतं.

"आला ना. पन गाडीले उशीर होऊन राह्यला होता."

असं त्या बोलायच्या. मला मात्र ऐकूनच इतका राग आला की त्या दिवशी मी पहिल्यांदा जरा भराभर चाललो.

आता दरीच्या वाटेबद्दल. चिखलदऱ्याचं पठार संपतं तिथून ही वाट निघते. थोडा वेळ सागाच्या झाडांतून जाते आणि मग एकदम कड्याला चिकटते. डाव्या हाताला काळा दगड, उजव्या हाताला काहीच नाही. खाली पाहिलं तर झाडांचे शेंडे, आणि त्याखाली कुठेतरी पाणी वाजत असतं. वाट एका माणसापुरती. अर्ध्यावर एक ओढा लागतो, तिथे जरा बसायला जागा आहे. त्यापुढे पुन्हा कडा, आणि शेवटी एक चढ चढून पलीकडच्या पठारावर. एकदा वाटेला लागलं की मधे कुठे बाजूला होता येत नाही. लग्नासारखंच आहे, असं मेव्हणा म्हणतो, पण त्याचं सोडा.

तिथे आमची पहिल्याच वर्षी फजिती झाली. ओढ्याच्या अलीकडे रांगेत मागे कुणाचा तरी पाय वेलीत अडकला. बाईंनी एक शिट्टी मारली, म्हणजे थांबा. समोरच्या कड्यानं ती शिट्टी जशीच्या तशी परत पाठवली. मी सर्वांत पुढे, मला स्पष्ट दोन ऐकू आल्या. दोन म्हणजे चला. मी निघालो. बाईंनी घाबरून पुन्हा एक मारली, मला पुन्हा दोन आल्या. मी म्हटलं, घाई दिसते आहे, आणि जन्मात चाललो नव्हतो इतक्या वेगानं वळण पार केलं. पलीकडे वाटेत वानरांची टोळी बसली होती. मागे पाहतो तर एकही माणूस नाही. वानरं आणि मी एकमेकांकडे बघत किती वेळ होतो कोण जाणे. शेवटी बाईंचाच आवाज वळणाआडून आला, "गावंडे सर, हाय का गेले?"

त्या दिवशी शिट्टी पिशवीत गेली ती कायमची. मग त्यांनी नवी पद्धत काढली. दरीत निरोप तोंडोतोंडी जायचा. मागच्यानं पुढच्याला सांगायचं, त्यानं त्याच्या पुढच्याला. ओरडायचं नाही. म्हणजे प्रत्येकाला आपल्या पुढचा माणूस कोण ते माहीत असायलाच हवं, आणि त्याच्याशी भांडण असून चालत नाही. या पद्धतीनं आमच्यातली दोन जुनी भांडणं मिटली, त्यातलं एक माझं.

मंडळी वाढत गेली. पराग नावाचा एक मुलगा आला, अमरावतीचाच, इंजिनिअर. मनगटावर पावलं आणि ठोके दाखवणारं घड्याळ. चालण्यात घोड्यासारखा. गाड्या ठरवणं, परवानगी आणणं, फोनवरचा ग्रुप, सगळं त्यानं अंगावर घेतलं. मुलगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. बाईंना तो मावशी म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. पण त्याला वेळेत पोचण्याची फार हौस. रांगेत अडकला की तो असा चुळबुळायचा की मला पाठीवर त्याची नजर टोचायची.

मग बाईंचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसवला. काही महिने त्या दिसल्या नाहीत. हिवाळ्यात दरीची तारीख ठरली तेव्हा त्यांनी कळवलं, मी येते. परागला काळजी वाटू लागली. कड्यावर त्या पडल्या तर काय करायचं, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा आपल्याकडे अशा वेळी जे करतात तेच मंडळीनं केलं. सत्कार ठेवला.

चिखलदऱ्याला आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या अंगणात सकाळीच खुर्च्या मांडल्या. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. बाईंना मधल्या खुर्चीत बसवलं. शाल झाली, श्रीफळ झालं, गुच्छ झाला. परागनं छोटं भाषण केलं. चांगलं केलं. शेवटी म्हणाला, "आज मावशी इथेच आराम करतील आणि आपल्याला आशीर्वाद देतील. आपण संध्याकाळी येऊन त्यांना सगळं सांगू."

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या, कारण बाई उभ्या राहिल्या होत्या.

"आशीर्वाद द्यायले मी मेली हाय का?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "शाल दिली तं बरं केलं, बाहेर थंडी हाय." त्यांनी शाल कमरेला गुंडाळून घट्ट गाठ मारली. नारळ पिशवीत टाकला. गुच्छ मात्र लॉजवाल्याच्या बायकोला दिला.

"मावशी, ऐका ना," पराग काकुळतीला आला होता. "तुमचा पाय अजून नीट नाही. तुम्ही आता सगळ्यात हळू चालता."

हे त्यानं बोलायला नको होतं, असं सगळ्यांना वाटलं. बाई मात्र थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. ते त्यांना लागलं होतं, मला दिसलं. मग त्यांनी विचारलं, "मंग आपला नियम काय हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं, नियमाचा लाभार्थी मीच.

"सगळ्यात हळू चालणारा समोर," मी म्हणालो.

"झालं तं मंग. मी समोर. गावंडे सर, तुमी दुसरे. तुमची बदली झाली." मग त्या परागकडे वळल्या. "अन् बावा, तू मांगं. मांगचा दरवाजा तुह्या. कोनी राह्यलं का पाहत जाय."

अंगणाच्या फाटकावर त्यांनी दोनदा टकटक केलं आणि आम्ही निघालो.

म्हणून त्या दिवशी मी तायडेबाईंना पहिल्यांदा चालताना पाहिलं. इतकी वर्षं ज्यांचा फक्त आवाज पाठीमागून ऐकला होता त्यांची पाठ माझ्यासमोर होती. सागाच्या झाडांतून त्या बऱ्या चालल्या. कड्याची वाट लागली आणि पाय जपून पडू लागला. आधी काठी, मग नवा गुडघा, मग जुना. एका ठिकाणी वाटेचा दगड झिजून उतरता झाला आहे, तिथे त्या थांबल्या. डावा हात काळ्या दगडावर टेकलेला. मानेवर एवढ्या थंडीत घाम होता. बाईंना भीती वाटत होती. हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते पाहवेना. परत फिरू या म्हणावं असं ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर त्या दिवसानंतर मंडळीत शाल मिळालेला कुणीच चालला नसता, आणि पुढचा नंबर माझा होता.

"गावंडे सर," त्या मागे न बघता म्हणाल्या, "बोला काई तरी. मांगून आवाज नाई आला का मले गाडी रिकामी वाटते."

मी प्राध्यापक माणूस, तासभर अखंड बोलू शकतो. पण त्या क्षणी डोक्यात काही म्हणता काही येईना. जे आलं ते तोंडातून निघून गेलं.

"सरका समोर, समोर जागा हाय."

त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसताच त्यांनी काठी पलीकडे टेकवली आणि पाय टाकला.

ओढ्यावर त्यांनी सत्काराचा नारळ दगडावर फोडला आणि सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. परागला सगळ्यात मोठा. तो मान खाली घालून खात राहिला.

ओढ्यापुढच्या कड्यावर मागून निरोप येऊ लागला. माझ्या मागच्या माणसानं मला सांगितलं, "परागच्या मागे दुसरा ग्रुप आलाय. तरुण पोरं आहेत, घाईत आहेत. साइड द्या म्हणतात."

तिथे साइड द्यायची म्हणजे एकेकाला दगडाला पाठ लावून उभं राहावं लागतं, आणि पोरं अंगावरून जातात. आम्हाला जमलं असतं. बाईंना त्या पायावर तसं उभं राहणं जमलं नसतं. मी निरोप सांगितला. त्यांनी पाऊल थांबवलं नाही.

"सांगा त्यायले," त्या म्हणाल्या, "ही ऑर्डिनरी गाडी हाय. सगळे थांबे घेते."

मी मागे सांगितलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. निरोप रांगेतून जाताना मला ऐकू येत होता, प्रत्येक तोंडी थोडं हसू फुटून. वळणाआड गेल्यावर ऐकू येईना. मग बऱ्याच वेळानं अगदी शेवटून परागचा आवाज आला. दरीत ओरडायचं नाही हा नियम त्यानं मोडला होता.

"भाऊ, ही ऑर्डिनरी आहे. सगळे थांबे घेते. घाई होती तर दुसरी गाडी पकडायची होती."

समोरच्या कड्यानं ते सगळं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. आमची मंडळी आणि त्यामागे ती तरुण पोरं, अशी लांबलचक रांग त्या दुपारी बाईंच्या काठीच्या वेगानं चालली. कुणी पुढे गेलं नाही. मला त्या रांगेचा इतका अभिमान वाटला की मला स्वतःला दम लागला आहे हेही विसरलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. घरीच, दोन दिवसांच्या तापानं. मी अकोल्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, म्हणून माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्या दरीतलंच.

शेवटचा चढ होता. वर पठाराची कड आणि त्यामागे नुसतं आभाळ. बाई कडेवर पोचल्या. कमरेची शाल सुटत आली होती, ती त्यांनी पुन्हा बांधली. दोन पायांत अंतर घेऊन, नवा गुडघा आणि जुना गुडघा दोन्हीवर, त्या नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. मी खाली हातभर अंतरावर धापा टाकत थांबलो होतो आणि माझ्यामागे सगळी रांग थांबली होती. बाईंनी वळून पाहिलं नाही. फक्त उजवा हात डोक्यावर उंच केला, तिथे नसलेली दोरी मुठीत धरली, आणि दोनदा ओढली.

आम्ही सगळे निघालो.